घरघंटी, दीड वर्ष वापरून: सिलिअ‍ॅकची दोन पोरं असलेल्या घरातला रिव्ह्यू

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एकतर या एक एचपीच्या घरघंट्या आतून सगळ्या जवळपास सारख्याच, वरचं लॅमिनेट तेवढं वेगळं. आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल कमी आणि गव्हाबद्दल जास्त आहे. युट्यूबवर घरघंटीचे व्हिडिओ ढिगाने आहेत पण सगळे "ताजं पीठ, कोंड्यासकट पीठ, पोळ्या बघा कशा मऊ" याच लायनीवर. आमच्या घरात गहू येतच नाही, त्यामुळे पोळ्या कशा होतात ते मला विचारू नका.

थोरली सहा वर्षांची असताना सिलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गहू-जवात असणाऱ्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडंच बिघडतं तो आजार. त्याआधी दोन वर्षं आमचं जंताची औषधं, टॉनिकं, "खात नाही म्हणून अंगी लागत नाही" हे सगळं करून झालेलं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, आयर्नचं सिरप चालू असून हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची ब्लड टेस्ट (याच आजाराच्या अँटिबॉडी मोजतात ती) सांगितली, ती २०० च्या पुढे, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा पक्कं झालं. (तुमचं अजून टेस्टिंगच चालू असेल तर गहू बंद करू नका हं, ओळखीतल्या एकांनी "बघू तरी बंद करून" म्हणून पोराचा गहू दोन महिने तोडला आणि मग टेस्ट धड येईना, परत त्या पोराला पोळ्या खायला घालायची पाळी आली.) भावंडांचीही करून घ्या म्हणाले म्हणून धाकट्याची केली, तो तेव्हा तीन वर्षांचा, चांगला गुटगुटीत, एक लक्षण नाही, आणि तोही पॉझिटिव्ह. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले ते वेगळं.

पण खरं सांगू, नंतर मला वाटलं आपल्याला काय अवघड आहे. सासर बार्शीकडचं, भाकरी रोजचीच, सासूबाई डोळे मिटून थापतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं. सासूबाई तर म्हणाल्या, "म्हणजे रोज एकादशी आणि वर भाकरी, एवढंच ना?" पोळी बंद, बिस्किट-ब्रेड बंद, शिरा-उपमा बंद, शेवया-कुरडया बंद, झालं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला शिकलो. हिंगाची पावडर उलटून बघा कधी, त्यात मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं, म्हणजे आम्ही गव्हाची पोळी बंद करून वरणातून गहू घालत होतो.

आणि भाकरीचं पीठ? ते गिरणीतून.

आमचे गिरणीवाले काका माणूस म्हणून सोन्यासारखे. ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी, गव्हाची वेगळी. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं, सोमवारी सकाळी शटर उघडलं की पहिलं दळण आमचं, तेही चक्की झाडून. तरी आठ महिन्यांनी थोरलीची टीटीजी नव्वदवर अडकली ती अडकलीच. (आमच्या लॅबमध्ये नॉर्मल म्हणजे वीसच्या आत.) डॉक्टर विचारतात, बाहेरचं काही खाते का? शाळेत कुणाच्या डब्यातलं? पोरगी रडकुंडीला, मी काही नाही खाल्लं म्हणून. मी तिच्यावर संशय घेतला, दोनदा तर दप्तर तपासलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एक दिवस दळण आणायला लवकर गेले तर ज्वारीच्या चक्कीवर कुणाची तरी थालिपीठाची भाजणी चालू होती. भाजणीत गहू असतो की. मिश्र पीठ, मल्टिग्रेन, लहान बाळाचं सत्त्व, सगळं त्याच चक्कीवर, कारण काकांच्या हिशोबाने ती "गव्हाची" नव्हेच. त्यात काकांच्या भुवयांपासून छताच्या वाशापर्यंत सगळं पांढरं, आणि ज्या कापडी नळीतून पीठ डब्यात पडतं ती नळी कधी धुतली असेल देव जाणे. काकांचा काही दोष नाही, गिरणी अशीच असते.

घरी येऊन नवऱ्याने कागदावर हिशोब मांडला, तो इथे देते कारण मला तरी त्यानंतरच डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे ग्लूटेन फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन, यालाच २० पीपीएम म्हणतात. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लूटेन धरा. आधीच्या माणसाचं पीठ चक्कीत मूठभर तरी राहतंच, पन्नास ग्रॅम धरलं तर त्यात पाच ग्रॅम ग्लूटेन, ते आमच्या पाच किलो ज्वारीत मिसळलं की किलोला हजार मिलिग्रॅम. मर्यादेच्या पन्नास पट! आणि त्यात समजा निम्मीच मूठ गव्हाची असली, पाव मूठ असली, तरी गणित कुठे बसतंय? एक मूठ हो. आपण एरवी गिरणीत "माझं पीठ थोडं कमी आलं वाटतं" म्हणून भांडतो तेवढीच.

तयार ग्लूटेन फ्री आटा मिळतो, आणला पण होता, पण किलोला दोनशेच्या पुढे आणि आम्ही महिन्याला बारा-पंधरा किलो पीठ खाणारी माणसं. शिवाय त्यातल्या बऱ्याच आट्यांची भाकरी थापायला गेलं की परातीतच नकाशा होतो. म्हणून घरघंटी. साडेअठरा हजाराला पडली.

आता डेमोची गोष्ट. मशीन आलं, चाळीसेक किलोचं धूड, दोघांनी उचलून ड्राय बाल्कनीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी डेमोवाला मुलगा आला, चांगला हसतमुख, म्हणाला "ताई, आता दळून दाखवतो," आणि पाठीवरच्या सॅकमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. एक किलो गहू. पिशवीची गाठ सोडून तो वर ओतणार एवढ्यात मी अक्षरशः त्याचा हात धरला. तो बिचारा घाबरला. मी समजावलं, पोरांना चालत नाही वगैरे. तर तो शांतपणे म्हणतो, "पण ताई, फॅक्टरीतून निघताना टेस्टिंग होतंच की. गव्हावरच करतात."

झाकण उघडून टॉर्च मारला. जाळीच्या मागे, कोपऱ्यात, बदामी रंगाचा थर. नवीकोरी मशीन.

हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत म्हणून सविस्तर लिहिते. घरघंटी कुठलीही घ्या, ती तुमच्या घरी यायच्या आधी गहू खाऊनच आलेली असणार असं धरून चाला. कस्टमर केअरला फोन केला तर त्या मुलीला माझा प्रश्नच कळेना, "मॅम, फ्रेश पीस आहे मॅम" एवढंच. मग आम्हीच केलं. जाळ्या सगळ्या काढून साबणाने धुतल्या, कडक उन्हात वाळवल्या. पिठाच्या डब्यावर जी कापडी पिशवी असते ती सरळ फेकली आणि शिंप्याकडून जाड मांजरपाटाच्या दोन शिवून घेतल्या, ऐंशी रुपयात. आतलं चेंबर रंगाच्या नव्या ब्रशने झाडून, व्हॅक्यूम लावून, परत झाडून, परत व्हॅक्यूम, जिथे बोट जात नाही तिथे टूथब्रश (चेंबरला पाणी लावायचं नाही, प्लग काढून ठेवायचा, हे मी नाही सांगायला पाहिजे). मग रेशनचा तांदूळ दोन-दोन किलो तीन वेळा दळला आणि ते पीठ वॉचमन काकांना दिलं, त्यांना गव्हाशी काही वाकडं नाही, त्यांच्या घरी आठवडाभर घावन झाले. चौथ्यांदा दळलेल्या तांदळाचं पीठ लॅबला पाठवलं. पैसे गेले, पण रिपोर्टात ग्लूटेन सापडलं नाही आणि त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

पीठ कसं येतं म्हणाल तर ज्वारीचं उत्तम. गिरणीच्या दगडाइतकं रेशमी नाही येत, थोडं रवाळ लागतं, पण ताजं असल्याने विरी असते आणि भाकरी फुगते. आठ दिवस जुन्या पिठाची आणि काल दळलेल्या पिठाची भाकरी शेजारी शेजारी ठेवा, कळेल. आमच्याकडे आता तीन-चार दिवसांचंच दळतो. तांदूळ बारीक जाळीवर छान, उकडीच्या मोदकाला चालतो, पण तांदूळ धुऊन सावलीत वाळवता ना तो खडखडीत वाळलेला पाहिजे, मी गेल्या गणपतीत घाई केली आणि जाळी अशी लिंपली गेली की सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत बसले. नाचणी ठीक. राजगिरा जाळी सगळ्यात बारीक नसेल तर निम्मा अख्खाच खाली येतो. शेंगदाणे, तीळ असलं तेलकट काही घालायचं नाही, पुस्तकात लिहिलंय तरी सांगते कारण आमच्याकडे प्रयोग झालेला आहे.

पीठ गरम येतं. लगेच डब्याचं झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि वास येतो, परातीत पसरून निववा. आवाज... काय सांगू, मिक्सरच्या आवाजाला मोठा भाऊ. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा विचारलं, तुमच्याकडे काय ड्रिलिंग चाललंय का रोज? आता सकाळी दहाला लावते, पोरं शाळेत, आजी देवळात. तासाला सात किलो लिहिलंय, ज्वारीला माझ्या अनुभवाने पाच. बिलात फार फरक नाही, एक एचपी म्हणजे तासाला पाऊण युनिट.

पण मशीन आणली म्हणजे सुटलो असं जे मला वाटलं होतं ते कुणी वाटून घेऊ नका, कारण ज्वारीतच गहू असतो. खरंच. तेच मळणी यंत्र, तीच पोती, दुकानात तोच पत्र्याचा माप-डबा. आम्ही बार्शीहून शेतातली ज्वारी आणतो तरी किलोला दोन-चार गहू निघतातच, दुकानच्या ज्वारीत तर एकदा एका किलोत अकरा निघाले. तुम्ही म्हणाल चार दाण्यांनी काय होतंय. गव्हाचा दाणा साधारण चाळीस मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन चार मिलिग्रॅम. म्हणजे किलोत पाच दाणे आले की तुमचे वीस मिलिग्रॅम भरले. पाच दाणे!

त्यामुळे रविवारी सकाळी आमच्याकडे निवडणं असतं. आजी सूप घेऊन, दोन्ही पोरं ताट घेऊन. ज्वारी ताटात एका थरात पसरायची, बोटाने ओढत ओढत बघायची. एका गव्हाला एक रुपया, असा दर ठरलाय. धाकटा पहिल्या महिन्यातच दोनदा तोच दाणा दाखवून पैसे घेताना पकडला गेला, मग आता दाणा सापडला की तो आजीच्या पितळी वाटीत टाकायचा आणि शेवटी मोजणी. थोरलीची नजर अशी बसलीये की वाण्याच्या दुकानात उभ्याउभ्या पोत्यात बघून सांगते, आई याच्यात आहे. दुकानदार आता आम्ही दिसलो की चुळबुळतो.

आता घरातलाच घोटाळा. मागच्या डिसेंबरात मावससासूबाई राहायला आल्या होत्या. आम्ही दोघं ऑफिसात, पोरं शाळेत, सासूबाई भिशीला. मावशींनी प्रेमाने, खरोखर प्रेमाने, पोरांसाठी खपली गहू आणला होता, कारण त्यांना व्हॉट्सॅपवर आलं होतं की खपली जुना गहू आहे, त्यात ग्लूटेन नसतं, पोरांना चालतो. दोन किलो दळून, मशीन पुसून, डबा भरून ठेवला आणि मी आल्यावर कौतुकाने दाखवला. खपली हा गहूच आहे हो! ग्लूटेन असतं त्यात. तसंच सातू म्हणजे जव, तोही चालत नाही, आणि आपल्याकडे सातूच्या पिठात तर गहूही घालतात. मी काय बोलणार, त्या माझ्या आईच्या वयाच्या. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ओरडले. मशीन पुसलेली असली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत त्याच घंटीवर सासूबाईंनी ज्वारी दळली होती हे कळलं तोवर भाकऱ्या खाऊन झालेल्या. थोरली दोन दिवस पोट धरून, उलट्या. धाकट्याला काहीच नाही, उड्या मारत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण त्याचं आतडं बिघडतंय हे तो कधीच सांगणार नाही, दर सहा महिन्याला सुई टोचूनच कळणार.

परत सगळी साफसफाई, परत मांजरपाट, परत रेशनचा तांदूळ, वॉचमन काकांनी आपणहून विचारलं, "ताई, परत का?" मावशींनी नंतर सासूबाईंना फोनवर म्हटलं म्हणे की मुलांचे फार चोचले करतात. सासूबाईंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं पण इथे लिहिण्यासारखं नाही. आता घंटीच्या झाकणाला सायकलचं कुलूप आहे. हसा. पण आहे.

आणि याच बाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन वर्षांपूर्वी सत्यनारायणाच्या प्रसादाला पोरांना नाही म्हटलं म्हणून माझ्याशी अबोला धरला होता. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, चिमूटभराने काय होतंय, देव बघून घेईल. बरोबर आहे, त्यांचं सगळं आयुष्य तसंच गेलंय. या वर्षी श्रावणात त्यांनीच मला जाड जाळी लावायला सांगितली, आंबेमोहोर धुऊन दोन दिवस वाळवला, स्वतः उभं राहून तांदळाचा रवा काढला, चाळणीने पीठ वेगळं केलं आणि सव्वा वाटीच्या मापाने शिरा केला, केळं, तूप, बेदाणे, सगळं साग्रसंगीत. गव्हाच्या रव्याचा फुलतो तसा नाही फुलला, जरा चिकट झाला, गुरुजींनी एक घास खाऊन वाटीकडे बघितलं. पण थोरलीने ओंजळ पुढे करून प्रसाद घेतला, सगळ्यांच्या रांगेत, आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. साडेअठरा हजारातले दहा हजार माझे तिथेच वसूल.

सर्व्हिसबद्दल. वर्षाला दोन फ्री सर्व्हिस होत्या. मुलगा वेळेवर येतो, काम नीट करतो, तक्रार नाही. पण पहिल्या सर्व्हिसला त्याने पिशवीतून त्याचा ब्रश काढला, पिवळट झालेला, केसांमध्ये पीठ अडकलेलं, दिवसभर दहा घरच्या घंट्या झाडलेला तो ब्रश. गव्हाचं मी डोक्यात ठेवलं होतं, ब्रशचं नव्हतं. आता आमच्याकडे एक स्टीलचा डबा आहे, त्यात आमचा ब्रश, आमचं फडकं आणि टेस्टिंगसाठी अर्धा किलो तांदूळ. बेल वाजली की डबा पुढे. एकदा बेल्ट बदलला तेव्हा बेल्ट नवा होता पण त्याच्या हातावर पीठ, हात धुवायला सांगितले, त्याला वाटलं मी सोवळं पाळते. म्हटलं वाटू दे.

टीटीजी विचारत असाल तर घंटी आल्यावर सात महिन्यांनी थोरलीची ३१, मग मावशी प्रकरणानंतर परत ४४, आणि गेल्या महिन्यात १६. उंची एका वर्षात आठ सेंटिमीटर. सगळं श्रेय मशीनला देत नाही, हिंगापासून लाटण्यापर्यंत (जुनं लाकडी लाटणं-पोळपाट पण काढलं, त्याच्या भेगांत वर्षानुवर्षांची कणीक होती) सगळंच बदललं. पण त्या नव्वदच्या आकड्याला गिरणी सोडून दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

घ्यावी का? घरात गहू अजिबात येत नसेल किंवा गव्हाचं पीठ तुम्ही बाहेरून बंद पाकिटात आणून वेगळं ठेवणार असाल तर डोळे मिटून घ्या. पण "मोठ्यांचा गहू पण यातच दळू, मुलांचं आधी दळू, मग पुसू" असा विचार असेल तर नका घेऊ, साडेअठरा हजार वाचवा, त्यापेक्षा मिक्सरचं वेगळं भांडं घेऊन त्यात थोडं थोडं दळा, बऱ्याच जणी करतात. सेकंडहँड तर कुणी फुकट दिली तरी नको. आणि शिंप्याला सांगताना पिशवीचं इलॅस्टिक घट्ट घालायला सांगा, आमच्या पहिल्या दोन सैल झाल्या आणि बाल्कनीतल्या तुळशीवर बर्फ पडला.

सध्या झाकणाचा सेफ्टी स्विच सैल झालाय, मधेच बंद पडते, शनिवारी माणूस येणार आहे. मी ऑफिसात असेन. थोरलीला सांगितलंय, आजीला मदत कर, तर तिने कालच स्टीलच्या डब्यावर स्केचपेनने लिहून ठेवलंय: "दादा, आधी हात. मग आमचा ब्रश. गहू आणला असेल तर बूट काढता तिथेच ठेवा."